आधी ऐक, मग पाना उचल

बयो, काल फोनवर तू "ताई, गाडीतला पाण्याचा पंप गेला गं" म्हणालीस आणि त्याच दमात "नवा मागवतेय" असंही म्हणालीस. पंपच गेला हे कशावरून, ते तू सांगितलं नाहीस आणि मीही खोदून विचारलं नाही. शेजारी तुझे दाजी बसले होते, आणि मला जे सांगायचं होतं ते त्यांच्या देखत सांगण्यासारखं नव्हतं. आता ते घोरताहेत. तू चहा करून घे, बाटलीतल्या पाण्याचा का होईना, आणि निवांत वाच.

मी एकदा एक धडधाकट पंप मेला म्हणून काढून टाकलाय. सहा वर्षं झाली, घरात कुणाला पत्ता नाही.

ऑक्टोबरची अखेर होती. आमची डुकाटो कॅम्परव्हॅन तेव्हा नवीनच होती, म्हणजे होती जुनीच, पण आमच्या दारात नवीन. ग्लासगोहून ए-८२ रस्ता धरून ग्लेनकोला गेलो. रात्री हीटर बंद केला तो मीच. गॅसची बाटली पुरवून पुरवून वापरायची ही आईने लावलेली सवय, ती काही विमानतळावर काढून ठेवता येत नाही. दोन दोन रजया घेऊन झोपलो. सकाळी पोरांना घेऊन दाजी डोंगराकडे गेले आणि मी चहाला पाणी घ्यायला नळ उघडला. नळाने एकदा 'फुस्' केलं, दोन चमचे पाणी टाकलं आणि गप्प. सीटखाली पंप मात्र घर्रर्र चालूच. नळ बंद केला तरी थांबेना.

झालं. पंप चालतोय पण पाणी चढवत नाही, म्हणजे आतून गेला. इतका सरळ हिशोब. दाजी आल्यावर फोर्ट विल्यमला जाऊन नवा पंप आणला आणि दुपारभर पावसात, दार अर्धं उघडं ठेवून, गुडघ्यांवर बसून तो बसवला. चार तास गेले. बोटाची दोन सालटी निघाली. बटण दाबलं. नवा पंप घर्रर्र. नळ 'फुस्'.

मला काय वाटलं असेल ते तुला सांगायला नको. तेवढ्यात एक स्क्रू घरंगळत गाडीखाली गेला म्हणून मी वाकले, तर गाडीच्या पोटातून, अंगठ्याएवढ्या एका नळीतून, पाण्याची धार पडत होती. सकाळपासून पडत असणार. पण सगळी जमीनच ओली, त्यात ती धार कोण बघतंय! मात्र गाडीच्या पोटाखाली पाऊस पडत नाही, हे माझ्या तेव्हा डोक्यात आलं.

तुझ्याही गाडीत ट्रुमाचा हीटर आहे ना, तोच खोली आणि पाणी दोन्ही तापवणारा? मग नीट ऐक. त्याच्या पाण्याच्या टाकीला एक झडप असते. झडपेच्या आसपास थंडी साधारण ३ अंशांच्या खाली गेली, की ती आपली आपण उघडते आणि बॉयलरमधलं सगळं पाणी बाहेर सोडून देते. पाणी आत गोठून बॉयलर फुटू नये म्हणून केलेली सोय आहे ती. बिघाड नव्हे, शहाणपण आहे. पण झडप उघडी असताना तू पंप चालू केलास, तर टाकीतलं पाणी त्याच वाटेने निघून जातं. नळापर्यंत दाबच चढत नाही आणि दाब चढत नाही म्हणून पंप थांबत नाही. गंमत म्हणजे झडप लगेच बंदही होत नाही. तिथे ७ अंशांच्या वर ऊब आल्याशिवाय झडपेचं बटण टिकत नाही, कितीही दाब. आधी हीटर लाव, गाडी गरम होऊ दे, मग बटण दाब. मला हे कळलं तेव्हा नवा पंप बसलेला होता आणि जुना, बिचारा, एका प्लास्टिकच्या पिशवीत पडला होता.

दाजी विचारायला लागले तर मी काय सांगितलं असेल? "पंप गेला होता, बदलला." आणि मग पुढच्या गणपतीत आरतीनंतर हे सगळ्यांना सांगत सुटले, हिने एकटीने पंप बदलला बरं का, पावसात! बायका कौतुकाने बघताहेत आणि मी मोदकाच्या ताटाकडे बघतेय. आता सहा वर्षांनी काय सांगणार? तूही सांगू नकोस.

म्हणून म्हणते, आधी कान दे. आपल्या गावाकडच्या आबांना आठव. विहिरीवरची मोटार चालू केली, की ते दांडाजवळ उभे राहायचे आणि पाणी यायच्या आधीच सांगायचे, "कोरडी फिरतेय, हवा धरली." फूट व्हॉल्व्हमध्ये काडी अडकली असेल किंवा पाइपाच्या जोडातून हवा आत येत असेल, ते नुसत्या आवाजावरून ओळखायचे. तुझ्या सीटखालचा पंप म्हणजे तीच मोटार, फक्त १२ व्होल्टची आणि पावशेर ताकदीची.

पंप अजिबात बोलत नसेल, साधी 'टिक'सुद्धा नाही, तर पंपाला हात लावू नकोस. आधी फ्यूज बघ. फ्यूज उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा दुसरा लाव, मोठा नाही. गावाकडे कटआउटमध्ये जाड तार अडकवायचे ना, तसला उद्योग गाडीत चालत नाही, कारण इथे वायर भिंतीत नसते, गादीखाली आणि लाकडाच्या कडेने गेलेली असते. मग मल्टिमीटर घे. घेतला नसशील तर कपड्यांच्या खर्चातून घे, पंपाच्या खर्चापेक्षा तो स्वस्त पडतो. भरलेली बॅटरी निवांत असताना १२.६, १२.७ व्होल्ट दाखवते. आता नळ उघडा ठेवून नेमकं पंपाच्या दोन वायरींवर माप. तिथे १२ च्या आसपास येत असेल आणि तरी पंप मुका असेल, तर पंपाकडे बोट दाखवायला हरकत नाही. पण बॅटरीवर १२.६ आणि पंपावर १० किंवा शून्य, तर चूक मधल्या रस्त्यात आहे. बहुतेक वेळा एखादा जोड हिरवा पडलेला असतो. या देशात हवेतच इतका ओलावा की तांबं सुखाने राहत नाही. मी एकदा फक्त ते हिरवं खरवडून काढलं आणि पंप पोरासारखा पळायला लागला.

आणि वीज पोचत असूनही मुका असेल, तरी एक शेवटची संधी दे. पंपाच्या डोक्यावर एक छोटा प्रेशर स्विच असतो. नळ बंद झाला, दाब चढला, की तोच पंपाला थांबवतो. नळ उघडा ठेव, आणि त्या स्विचची दोन टोकं वायरच्या तुकड्याने क्षणभर जोड. पंप फिरला, तर स्विच गेलाय, मोटार नाही. बऱ्याच पंपांना नुसता स्विच मिळतो.

पंप गुरगुरतोय पण पाणी नाही, ही माझीच गोष्ट. आधी टाकीत पाणी आहे का ते डोळ्यांनी बघ, त्या लाल-हिरव्या दिव्यांवर जाऊ नकोस. ते आपल्याकडच्या पंचांगातल्या पावसासारखे असतात. मग गाडीखाली वाकून बघ, धार आहे का. मग पंपाच्या तोंडाशी एक पारदर्शक वाटीसारखी गाळणी असते तिच्याकडे टॉर्च मारून बघ. वाटीत पाण्याऐवजी बुडबुडे नाचत असतील, तर टाकी ते पंप या वाटेत कुठेतरी हवा आत घुसतेय. पाणी बाहेर गळत नाही म्हणून हा जोड शाबूत आहे असं समजायचं नाही. ओढणाऱ्या बाजूला पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. कित्येकदा ती वाटीच साफ केल्यावर नीट पिळून बसवलेली नसते.

आणि तिसरा आवाज, रात्रीचा. नळ सगळे बंद, सगळे झोपलेत, आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी पंपाला एक उचकी लागते. 'घुर्र', थांबला. पुन्हा 'घुर्र'. कुणाची आठवण येत नाहीये त्याला. कुठेतरी थेंब थेंब पाणी जातंय, किंवा पंपाच्या आतली झडप मागे पाणी सोडतेय. हात घालून प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू गुंडाळ. जो ओला होईल तो चोर. कुठलाच ओला झाला नाही, तर झडप. ही उचकी आजच्या रात्री दुर्लक्ष करण्यासारखी असते, पण जमिनीखालचं प्लायवूड सहा महिन्यांत कुजून पाव झालं की मग कपाळाला हात लावायची पाळी येते.

बरं, हे सगळं मी डायफ्रॅमच्या, म्हणजे पडद्याच्या पंपाबद्दल बोलतेय. तुझ्या गाडीत टाकीच्या आत बुडवलेला, मुठीएवढा पंप असेल तर गोष्ट वेगळी. टाकीचं झाकण उघडून हात घाल, वायर आणि नळी एकत्र पाण्यात उतरलेली दिसली की तो. नळ फिरवला की नळातलाच बारीक स्विच त्याला चालू करतो. त्यामुळे एकाच नळाला पाणी नसेल आणि दुसऱ्याला असेल, तर नळातला स्विच गेलाय. असला पंप स्वस्त असतो, कोरडा फिरवला की लवकर जळतो, आणि तो बदलणं म्हणजे नळीची क्लिप सोडून दुसरा बांधणं. फक्त वायरी उलट जोडू नकोस. उलट जोडला तरी तो फिरतो, पण पाणी रडतरडत येतं, आणि मग तू पुन्हा म्हणशील पंप खराब निघाला.

आता खरा गेलेला पंप कसा असतो ते सांगते, कारण दीड वर्षाने माझा तो नवा पंप खरंच गेला, आणि तोही माझ्याच हाताने.

हिवाळ्यात गाडी उभी करताना मी टाकी रिकामी केली, बॉयलरची झडप उघडली, नळ उघडे ठेवले. सगळं केलं. पंपाच्या पोटात घोटभर पाणी राहिलं. फेब्रुवारीत दोन आठवडे कडक थंडी पडली. मार्चमध्ये पाणी भरून बटण दाबलं, तर पंपाच्या प्लास्टिकच्या डोक्यावरच्या केसाएवढ्या भेगेतून, अत्तरदाणीसारखे तुषार उडाले. थेट सीटखालच्या रजईवर. पाणी गोठताना फुगतं हे सातवीत शिकलोय आपण, पण पंपाने शिकवलं ते कायमचं लक्षात राहिलं. आता गाडी झोपवताना टाकी रिकामी झाली, की नळ उघडे ठेवून मी पंप अर्धा मिनिट कोरडा चालवते, म्हणजे आतलं पाणी ओकून टाकतो. पडद्याच्या पंपाला तेवढ्याने काही होत नाही. मग गाळणीची वाटी काढून नळाशेजारी ठेवते, म्हणजे वसंतात ती दिसली की आठवतं. आणि गरम-गार असा एकच दांडा असलेला नळ मधोमध उघडा ठेवायचा. एका बाजूला ठेवलास तर दुसऱ्या बाजूचं पाणी अडकून राहतं.

त्या मार्चमध्ये मी काय केलं माहितेय? पिशवीतला तो जुना पंप काढला. ज्याला मी मेला म्हटलं होतं, तो. बसवला. आज आमच्या गाडीत जो घुरघुरतोय तो तोच.

तुझा पंप खरंच गेलाय हे वरच्या सगळ्यातून ठरलं, तरच पुढचं वाच.

विकत घेताना तू नक्की एक चूक करणार, कारण मीही करणार होते. दुकानदार म्हणेल, हा जास्त दाबाचा आहे, शॉवरला छान धार येईल. नको. ट्रुमाचा कॉम्बी बॉयलर २.८ बारपर्यंतचा दाब सोसतो. ३० पीएसआयचा पंप म्हणजे साधारण २ बार, तो ठीक. ४५-५० पीएसआयचे असतात ते ३ बारच्या वर जातात. शॉवरच्या हौसेपायी बॉयलर पणाला लावू नकोस. आणि मिनिटाला ७ ते १० लिटर पुष्कळ झालं. मोठा पंप टाकीच लवकर रिकामी करतो, दुसरं काय. जुन्या पंपाच्या अंगावरची चिठ्ठी फोटो काढून जवळ ठेव. व्होल्ट, अँपिअर, दाब सगळं तिथे असतं.

आट्यांकडे लक्ष दे. ब्रिटिश अर्धा इंची आणि अमेरिकन अर्धा इंची, दोघांनाही इंचात चौदाच आटे असतात, पण आट्यांचा कोन निराळा. दोन फेरे झकास बसतात, तुला वाटतं जमलं, आणि मग अडतात. तिथे पाना लावून पिळलंस की प्लास्टिकला भेग. दोन फेऱ्यांनंतर अडलं तर जबरदस्ती करायची नाही. आटे वेगळे आहेत.

काम सुरू करताना पंपाचं बटण बंद, मग गाडीचा १२ व्होल्टचा मुख्य स्विच बंद, आणि साइटच्या विजेची केबल लावलेली असेल तर तीही बाहेर काढ. १२ व्होल्टचा झटका बसत नाही हे खरं, पण बॅटरीच्या दोन टोकांना पाना टेकला की ठिणगी पडते आणि वायर पेट घेऊ शकते. मग एक नळ उघडून अडकलेला दाब जाऊ दे. टाकी पंपाच्या वरच्या पातळीवर असेल तर ती रिकामी कर किंवा नळीला क्लॅम्प लाव, नाहीतर नळी सुटल्याबरोबर टाकी तुझ्या मांडीवर. जुना टॉवेल, डब्याचं झाकण आणि भांडी घासायचा स्पंज जवळ ठेव. आणि काहीही सोडायच्या आधी फोनवर फोटो काढ, तीन बाजूंनी. पाणी आत येणारी नळी कुठली, जाणारी कुठली, हे आपल्याला आठवणार आहे असं वाटतं. नाही आठवत. पंपावर बाण असतो, तो टाकीकडून नळाकडे जायला हवा.

गाळणीची वाटी उघडलीस की किळस येईल, सांगून ठेवते. माझ्या वाटीत तळाला तपकिरी बुळबुळीत थर होता आणि त्यात निळ्या प्लास्टिकच्या कुरळ्या सालींचा गुंता. गाडी बनवणाऱ्याने टाकीला भोक पाडलं तेव्हाच्या त्या साली, तेरा वर्षं टाकीत फिरत होत्या. ती वाटी धुऊनच लाव. नवा पंप गाळणीशिवाय कधी लावायचा नाही. एक साल झडपेत अडकली की संपलं.

पंपाच्या तोंडाच्या नटांमध्ये रबरी वायसर किंवा ओ-रिंग असते. पाणी तीच अडवते, आटे नव्हे. त्यामुळे तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळू नकोस आणि पान्याने पिळू नकोस. हाताने घट्ट, बस्स. दाजींचा जोर लावून नव्हे, तुझ्या हाताने. वायरींना चांगले लग दाबून लाव आणि वर उष्णतेने आकसणारी नळी. नुसत्या तारा पिळून वर चिकटपट्टी, हे आपल्या लग्नाच्या मांडवात ठीक असतं.

पंपाखाली चार रबरी पाय असतात. स्क्रू इतकेच आवळ की रबर चेपलं जाऊ नये. रबर चेपलं की पंपाचा सगळा थरथराट लाकडात उतरतो आणि रात्री कुणी हात धुतला तरी ढोलताशा. त्याच कारणाने पंपाच्या दोन्ही बाजूंना हात-दीड हात मऊ नळी ठेव. बागेची नळी नको. पिण्याच्या पाण्याची, तशी छापलेली घे. नाहीतर चहाला टायरचा वास. आणि पंप उभा लावायचा असेल तर पाण्याचं डोकं खाली, मोटार वर. कधीकाळी गळलाच, तर पाणी मोटारीत उतरायला नको.

मग टाकीत पाणी भर, बटण दाब आणि नळ एकेक करून उघड. आधी गार, मग गरम. नळ खोकेल, ठसके देईल, हवा टाकेल, मग सरळ धार. गरम नळातून अखंड धार येईपर्यंत पाणी तापवायचं बटण लावू नकोस. शेवटी सगळे नळ बंद. पंप दोन सेकंदांत थांबला पाहिजे आणि अर्धा तास गप्प राहिला पाहिजे. तो अर्धा तास गाडीतून बाहेर जाऊ नकोस. टिश्यू जोडांना गुंडाळून ठेव आणि बसून राहा. पहिलं भरलेलं पाणी क्लोरिनच्या गोळ्या टाकून साऱ्या नळ्यांतून फिरवून ओतून दे. हात लागलेत आपले सगळीकडे.

हे करत असताना कॅम्पसाइटवर कुणीतरी एक गृहस्थ येतीलच. हातात चहाचा मग, पायात चपला. "नवरा कुठे गेला?" असं विचारतील आणि मग तुझ्या हातातली पकड मागतील. माणसं वाईट नसतात, पण पकड एकदा दिलीस की नंतर ती मागून घ्यावी लागते. माझ्याकडे असेच एक जण आले होते. मी त्यांना टॉर्च धरायला दिला. अर्धा तास धरून उभे राहिले, अगदी मनापासून. पावसाळी हवेत मिजेस, म्हणजे इथल्या बारीक माश्या, चावत होत्या, तरी हलले नाहीत.

तू मागवलेला पंप आला तर खोका फोडू नकोस, परत करता येईल. आणि उद्या सकाळी मला फोन कर. 'ताई, काय करू' वगैरे काही बोलायचं नाही. पंपाचं बटण दाब, नळ उघड, आणि फोन सीटखाली नेऊन पंपाशेजारी धर. मी ऐकते.